ब्लॅक घोस्ट: टाकी लावण्यापासून पिल्लं वाढवण्यापर्यंत

इलेक्ट्रिक ईल घरी पाळता येईल का, हा प्रश्न ज्याला पडतो त्याला खरं म्हणजे वीज निर्माण करणारा मासा घरी हवा असतो. ईलचा विषय दोन वाक्यांत संपतो. पूर्ण वाढलेला मासा दोन मीटरच्या पुढे जातो, श्वासासाठी काही मिनिटांनी पृष्ठभागावर येतो, आणि २०१९ मध्ये वेगळ्या ठरवलेल्या तीन जातींपैकी एकीचा झटका ८६० व्होल्टपर्यंत मोजला गेला आहे. ज्या टाकीत हात घालून काच पुसायची, त्या टाकीत हा मासा नको.

त्याचाच दक्षिण अमेरिकेतला नातेवाईक, ब्लॅक घोस्ट नाइफफिश, मुंबई-पुण्याच्या दुकानांत 'घोस्ट' म्हणून सहज मिळतो. तोही वीज सोडतो, पण मिलिव्होल्टमध्ये. हाताला काही जाणवत नाही. त्या विजेने तो अंधारात वाट शोधतो, भक्ष्य ओळखतो आणि दुसऱ्या घोस्टशी बोलतो. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

घोस्ट नाजूक आहे म्हणून मरतो असं दुकानदार सांगतात. माझ्या मते तो क्रम चुकल्यामुळे मरतो. लोक आधी मासा आणतात, मग टाकी, मग फिल्टर, आणि पाण्याचा विचार मासा आडवा पडल्यावर. पैदाशीतही तीच गडबड: जोडी शोधण्यात वर्ष जातं आणि पाण्याकडे कोणी बघत नाही. खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्या.

टप्पा १: जागा आणि टाकी

दुकानात घोस्ट तीन-चार इंचांचा असतो. घरच्या टाकीत तो ३०-४० सेंटिमीटरचा होतो, निसर्गात ५० पर्यंत, आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. 'लहान आहे तोवर दोन फुटी चालेल, मग बघू' हे 'मग' सहसा येत नाही.

एका माशासाठी किमान चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घ्या, म्हणजे काठोकाठ साधारण २५० लिटर. पैदास करायची असेल तर पाच बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे ५६० लिटरच्या आसपास. रुंदीवर तडजोड करू नका. घोस्ट शरीर न वळवता पोटाखालच्या झालरीसारख्या परावर लाट उठवून पुढेही जातो आणि मागेही, पण दीड फुटाहून अरुंद टाकीत मोठ्या माशाला धड वळता येत नाही आणि शेपटीचं टोक काचेला घासत राहतं.

पाच फुटी टाकी पाणी, काच आणि दगडांसह सहाशे किलोच्या पुढे जाते. ती भिंतीला लागून, शक्यतो स्लॅबखालच्या बीमच्या रेषेत ठेवा. बाल्कनीत ठेवायची नाही. जुन्या इमारतीत राहत असाल तर आधी जाणकाराला विचारा.

झाकण पूर्ण हवं. वायरी आणि पाइपसाठी कापलेली फटसुद्धा स्पंजने बंद करा. हा मासा रात्री फटीतून बाहेर पडतो आणि सकाळी फरशीवर सापडतो.

टप्पा २: आतली मांडणी आणि वीज

तळाला बारीक, गोल कणांची वाळू घाला. धारदार खडी आणि लाव्हा रॉक नको, कारण या माशाचे खवले अगदी बारीक असतात आणि त्याची कातडी सहज खरचटते.

लपायला प्लंबरकडचा पीव्हीसी पाइप उत्तम. तीन इंची, माशापेक्षा थोडा लांब, दोन्ही टोकं उघडी, कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासलेल्या. दिसायला बरं नाही म्हणून लोक पाइप टाळतात आणि एका टोकाला बंद असलेली मातीची गुहा आणतात. त्यात मासा अडकू शकतो. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक नळीही चालते. घोस्ट तिच्यात निवांत पडून राहतो आणि तुम्हाला तो दिवसाही दिसतो. तो पाइपमध्ये कुशीवर आडवा झोपतो, ते पाहून घाबरू नका.

प्रकाश मंद ठेवा. तरंगती झाडं असतील तर आणखी चांगलं.

आता विजेचा भाग, जो जवळपास सगळेच सोडून देतात. हा मासा पाण्यातला बारीकसा विद्युत बदल ओळखतो. काच तडकलेला किंवा सील गेलेला हीटर पाण्यात गळती सोडत असेल तर बाकी मासे निर्विकार असतात, घोस्ट मात्र कोपऱ्यात दबून राहतो, खात नाही. हीटर चांगल्या प्रतीचा आणि जाळीच्या कव्हरसह घ्या, म्हणजे मासा त्याला टेकून भाजणार नाही. सॉकेटला अर्थिंग आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करा. घरात आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारी कळ) नसेल तर ती बसवणं या छंदातला सगळ्यात योग्य खर्च आहे. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगात शिरत नाही.

इशारा: पाण्यात हात घालण्याआधी हीटर आणि पंप बंद. प्रत्येक वेळी.

टप्पा ३: पाणी तयार करणं

मासा नसलेली, पण सगळं चालू असलेली टाकी चार ते सहा आठवडे ठेवायची. या काळात फिल्टरमध्ये जिवाणू वसतात, जे विष्ठेतून आणि शिळ्या अन्नातून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. जिवाणूंना अन्न मिळावं म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहा. ओळखीच्या माणसाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर काम निम्म्यावर येतं.

फिल्टर कॅनिस्टर (टाकीबाहेरच्या बंद डब्यातला) किंवा संप (टाकीखालच्या वेगळ्या टाकीतला) प्रकारचा घ्या, आणि त्याच्या जोडीला एक मोठा स्पंज फिल्टर एअर पंपावर. वीज गेली की हा स्पंज फिल्टरच टाकी वाचवतो. ज्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते, किंवा पावसाळ्यात रात्र-रात्र येत नाही, तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप आधीच घेऊन ठेवा.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढायला क्लोरीन काढणारं औषध वापरा. बादली रात्रभर उघडी ठेवण्याचा जुना उपाय साध्या क्लोरीनपुरता ठीक आहे, पण पावसाळ्यात पालिका डोस वाढवते तेव्हा त्यावर विसंबू नका.

धरणातून येणारं नळाचं पाणी बहुतेक मऊ असतं आणि घोस्टला तेच मानवतं. बोअरचं पाणी जड असतं. टँकरचं पाणी आज एक, उद्या दुसरं. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत राहत असाल तर दर वेळी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरने पाणी तपासल्याशिवाय टाकीत ओतू नका. हा मीटर आता घरोघरी आहे, आरओ फिल्टरवाल्याने दाखवायला आणलेला असतो तोच. घोस्टला जड पाण्यापेक्षाही अचानक झालेला बदल जास्त बाधतो.

तापमान २५ ते २८ अंश. कोकणात आणि मुंबईत हीटर वर्षातले बरेच महिने बंदच राहील. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडे डिसेंबरच्या पहाटे तो लागतोच. विदर्भात मे महिन्यात प्रश्न उलटा होतो: पाणी ३२ च्या वर जाऊ लागलं की झाकणाच्या जागी जाळी लावून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा आणि हवा वाढवा.

तपासा, मगच पुढे जा: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट थोडं वर, आणि ही स्थिती सलग आठवडाभर टिकलेली. चाचणीचे थेंब वापरा. कागदी पट्ट्या दमट हवेत लवकर खराब होतात.

टप्पा ४: मासा निवडणं

दुकानात शक्यतो संध्याकाळी जा. दुपारच्या झगझगीत प्रकाशात सगळेच घोस्ट एका कोपऱ्यात गुंतून पडलेले असतात आणि काही कळत नाही.

बाजूने पाहा: पोट आत गेलेलं नसावं. या माशाचं पोट डोक्याच्या लगेच मागे, अगदी थोड्या जागेत असतं. गुदद्वारही हनुवटीखाली. त्यामुळे उपासमार तिथेच दिसते. वरून पाहा: डोक्यामागची पाठ धारेसारखी झाली असेल तर तो मासा कित्येक दिवस उपाशी आहे. कातडी मखमली काळी असावी. करडी छटा, पांढरे ठिपके किंवा साय आल्यासारखा थर दिसला तर टाकी सोडा, निव्वळ तो मासा नव्हे. शेपटीवर पांढरी कडी असतात. टोक तुटलेलं असेल तर फार बिघडत नाही, ते पुन्हा वाढतं. शेवटी दुकानदाराला त्याला खायला घालायला सांगा. खात नसेल तर घेऊ नका.

'नाइफ' म्हणून विकला जाणारा चंदेरी, काळ्या ठिपक्यांचा क्लाउन नाइफ हा वेगळा मासा आहे. तो तीन फुटी होतो. 'इलेक्ट्रिक ईल आहे साहेब' म्हणून दाखवलेला लांबट मासा बहुधा काटेरी वाम निघतो.

घोस्ट जाळीने उचलू देऊ नका. पाइपसकट किंवा प्लास्टिकच्या डब्यात घ्या.

टप्पा ५: वेगळं ठेवणं आणि टाकीत सोडणं

तीन ते चार आठवडे दुसऱ्या टाकीत. त्यात पाइप, स्पंज फिल्टर, हीटर, बाकी काही नको. घोस्टला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे इच, फार लवकर धरतो आणि दुकानातून येताना तो सोबत घेऊन येतो.

ठिपके दिसलेच तर दिवसाला एक अंश या गतीने तापमान ३० पर्यंत न्या आणि हवा वाढवा. औषध द्यावंच लागलं तर खवले नसलेल्या माशांना चालेल असं लिहिलेलं घ्या आणि अर्ध्या डोसने सुरुवात करा. तांबं असलेली औषधं टाळा. 'मूठभर मीठ टाका' हा सल्ला या माशासाठी नाही.

पिशवीतून पाण्यात सोडताना घाई नको. बारीक नळीने टाकीचं पाणी थेंब-थेंब डब्यात सोडत तासभर जाऊ द्या. दिवा बंद. पहिले दोन दिवस तो दिसला नाही तरी पाइप उचलून बघू नका.

सोबतीला कोण चालेल हा प्रश्न हमखास येतो. टायगर बार्ब शेपटी आणि झालर कुरतडतात. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न नकोतच. निऑन टेट्रा रात्री गायब होतात. एंजल, मोठे शांत टेट्रा, गुरामी ठीक. दुसरा कुठलाही विद्युत मासा नको, आणि पैदाशीचा बेत नसेल तर दुसरा घोस्टही नको.

टप्पा ६: खाणं

रात्री. दिवे मालवल्यावर. बाकीचे मासे झोपल्यावर. दिवसा टाकलेलं सगळं एंजल खातात आणि मालक म्हणतो, 'मी तर रोज घालतो.'

मुख्य अन्न म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या (ब्लडवर्म). वितळवून, चहाच्या गाळणीत धुऊन, ड्रॉपर किंवा लांब नळीने थेट पाइपच्या तोंडाशी सोडायच्या. दोन-तीन आठवड्यांत मासा नळी ओळखायला लागतो, मग बोटांतूनही घेतो. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल जंत) गटारांतून येतात, ते मी टाळतो. ताजी कोळंबी बारीक चिरून, किंवा कोळणीकडून आणलेला ताजा जवळा दोन-तीन पाण्यांतून धुऊन बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेला, आठवड्यातून दोनदा. सुका खारवलेला जवळा नाही. नुसत्या कच्च्या कोळंबीवरही ठेवू नका, आलटून पालटून द्या. फवारणी न झालेल्या मातीतलं गांडूळ तो आवडीने खातो. गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं मात्र बरेच मासे थुंकून टाकतात.

तपासा: खाल्ल्यानंतर डोक्यामागची पोटाची जागा किंचित गोल दिसते का? टॉर्चवर लाल पारदर्शक कागद लावून बघा, मासा बिचकत नाही.

पाणी दर आठवड्याला पाव टाकी बदला. नवीन पाणी त्याच तापमानाचं आणि जवळपास त्याच टीडीएसचं हवं.

इथवर आलात आणि मासा वर्षभर ठणठणीत असेल, तर पुढे वाचा. नसेल तर पुढचे टप्पे तुमच्यासाठी अजून नाहीत.

टप्पा ७: गट तयार करणं

पैदाशीबद्दल आधी स्पष्ट बोलू. दुकानात येणारे घोस्ट मोठ्या प्रमाणावर इंडोनेशियातल्या फार्मवर तयार होतात, म्हणजे बंदिस्त पाण्यात ते होतं हे निर्विवाद आहे. घरी मात्र क्वचित साधतं, आणि साधत नाही ते बहुधा पाण्यामुळे.

नर-मादी 'जोडी' दुकानात ओळखता येत नाही. दुकानदार जोडी म्हणून देतो ते दोन मासे असतात, एवढंच. पाच-सहा लहान मासे एकदम घेऊन पाच फुटी टाकीत एकत्र वाढवा. माशांपेक्षा पाइप जास्त हवेत, किमान दीडपट, आणि त्यांची तोंडं एकमेकांसमोर नकोत. तरीही एखाद्याला बाकीचे छळतातच. ज्याच्या कडेचा पर फाटलेला आणि शेपूट आखूड होत चाललेली दिसते, त्याला काढा. वाट पाहू नका.

वीस सेंटिमीटरच्या खालच्या माशांकडून काही अपेक्षा ठेवू नका.

मोठे झाल्यावर भरलेली मादी वरून पाहिली तर पोटाशी रुंद दिसते. याखेरीज एक गमतीचा उपाय आहे: मासे ऐका. गिटारवाल्यांकडे नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. त्याच्या इनपुटला दोन इन्सुलेटेड वायरी जोडा, टोकांना स्टेनलेस स्टीलचे छोटे स्क्रू लावा आणि एका माशाच्या पाइपच्या दोन तोंडांशी एक-एक सोडा. स्पीकरमधून एक अखंड, उंच शिटी ऐकू येते. तो माशाचा विद्युत सूर. तो साधारण ८०० ते १२०० हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे सेकंदाला हजारेक ठोके, दिवसरात्र, झोपेतसुद्धा. मोबाइलवर वाद्य जुळवण्याचं कुठलंही अ‍ॅप आकडा दाखवतं.

या जातीत माद्यांचा सूर सरासरीने नरांपेक्षा उंच असतो. जवळच्याच दुसऱ्या एका जातीत नेमकं उलट आहे, म्हणून दुसऱ्या घोस्टबद्दल वाचलेलं इथे लावू नका. आकडे एकमेकांत मिसळतातही, आणि पाणी गरम झालं की सूर चढतो. तेव्हा सगळे मासे एकाच तापमानाला, एकेकटे करून मोजा आणि गटातला सर्वांत उंच व सर्वांत खालचा असे दोन टोकांचे मासे नोंदवून ठेवा. मधल्यांबद्दल ठाम बोलू नका.

इशारा: अ‍ॅम्प्लिफायर फक्त बॅटरीवरचा. भिंतीच्या प्लगला जोडलेलं कोणतंही उपकरण, चार्जिंगला लावलेला फोनसुद्धा, या वायरींना जोडायचा नाही.

ऐकताना मागे जाड घरघर असेल आणि हीटर बंद करताच ती विरत असेल, तर हीटर तपासून घ्या. टप्पा दोनमध्ये म्हटलेली गळती अशी कानानेही पकडता येते.

टप्पा ८: उन्हाळा

फ्रँक किर्शबाउम या जर्मन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की घोस्टच्या नात्यातले मासे दिवसाच्या लांबीकडे फारसे बघत नाहीत, पाण्याकडे बघतात. पाण्याची विद्युतवाहकता (ढोबळमानाने टीडीएस मीटर दाखवतो तेच) हळूहळू घटत जाणं, पातळी वाढत जाणं आणि पाऊस पडत राहणं, या तिन्हीने अंडाशय पिकतं. वाहकता पुन्हा वाढवली की ते परत आक्रसतं. त्याचे ते प्रयोग घोस्टच्या नातेवाइकांवर, आयगेनमॅनियावर होते, पण पैदास करणारे हीच पद्धत घोस्टला लावतात.

म्हणून पावसाआधी उन्हाळा हवा. बहुतेक लोक हा टप्पा वगळतात आणि थेट मऊ पाणी ओततात. पाणी आधीच मऊ असेल तर माशाला बदल कळणार कसा?

पाच फुटी टाकीची पातळी २५ सेंटिमीटरपर्यंत खाली आणा. म्हणजे उरलं साधारण २२५ लिटर. नेहमीच्या पाणीबदलात बोअरचं पाणी थोडं थोडं मिसळून दोन-तीन आठवड्यांत टीडीएस २४० च्या आसपास न्या. पाणीबदल बंद करून टीडीएस चढू देणं हा आळशी मार्ग आहे. त्यात नायट्रेट चढतं. आरओच्या रिजेक्ट नळीचं पाणीही नको, त्यात जे असेल ते सगळंच घट्ट झालेलं असतं. फवारा बंद, प्रवाह मंद. या स्थितीत सहा ते आठ आठवडे. खाणं नेहमीसारखं, शेवटच्या दोन आठवड्यांत वाढवायचं.

तपासा: पाणी कमी आहे, मासे तेवढेच आहेत. अमोनिया आणि नायट्राइट आठवड्यातून दोनदा मोजा.

टप्पा ९: पाऊस

महाराष्ट्रात राहणाऱ्याला इथे एक फायदा फुकट मिळतो. उन्हाळा एप्रिल-मेमध्ये बसवला तर पाऊस खरोखरच जूनमध्ये येतो, आणि त्या पाण्याचा टीडीएस बहुधा एक आकडी किंवा दहा-पंधरा असतो.

पहिले काही जोरदार पाऊस सोडून द्या, ते हवेतली आणि छपरावरची घाण धुतात. पाणी उघड्यावर ताणलेल्या स्वच्छ प्लास्टिकवरून किंवा धुतलेल्या फरशीवरून धरा. पत्र्याचं, सिमेंट पत्र्याचं, नुकतं वॉटरप्रूफिंग किंवा डांबर लावलेलं छप्पर नको. रासायनिक कारखान्यांच्या वाऱ्यात राहत असाल तर पावसाचा नाद सोडून आरओचं पाणी घ्या. खाद्यपदार्थांच्या ड्रममध्ये सुती कापडातून गाळून भरा, झाकण घट्ट लावा, नाहीतर डासांच्या अळ्या होतील आणि पालिकेची नोटीस येईल. वापरण्याआधी रात्रभर हवा सोडा आणि टीडीएस बघा.

आता हिशेब. पाच बाय दोनच्या टाकीत एक सेंटिमीटर पातळी म्हणजे जवळपास नऊ लिटर. रोज संध्याकाळी वीस लिटरची एक बादली, म्हणजे रोज दोन सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त वाढ. अकरा-बारा दिवसांत पातळी दुप्पट होईल आणि टीडीएस २४० वरून १२५ च्या घरात येईल. एवढ्याने भागत नाही. पुढे दर तीन-चार दिवसांनी पाव टाकी काढून तेवढंच पावसाचं पाणी घाला: १२५ चे ९६, मग ७५, मग ५८, मग ४६. पन्नासच्या आसपास थांबा.

ओतायचं कसं तेही महत्त्वाचं. अर्धा इंची पीव्हीसी पाइपला दोन-दोन सेंटिमीटरवर बारीक भोकं पाडा, एका टोकाला टोपी, दुसऱ्याला छोटा पंप, आणि तो पाण्याच्या वर टांगा. टायमर लावून संध्याकाळी दोन तास आणि पहाटे तासभर टाकीतलंच पाणी त्यातून बरसू द्या. बादलीतलं नवीन पाणीही याच फवाऱ्यातून जाऊ दे. ते टाकीपेक्षा एक-दोन अंश गार असलं तर चालेल, पाच अंश नाही. याच काळात देशी बदामाची वाळलेली चार-पाच पानं धुऊन टाका, पाणी चहाच्या रंगाकडे झुकेल आणि थोडं आम्लही होईल.

इशारा: मऊ पाण्यात सामू (पीएच) सांभाळायला क्षार उरत नाहीत. तो ६ च्या खाली घसरला की फिल्टरचे जिवाणू मंदावतात. या पंधरवड्यात सामू रोज बघा. घसरत असेल तर पानं काढा आणि खाणं थोडं कमी करा. घाबरून मूठभर सोडा किंवा बादलीभर बोअरचं पाणी टाकू नका: एका दिवसात उन्हाळा परत येतो आणि दोन महिने वाया जातात.

टप्पा १०: अंडी

प्लास्टिकचा पसरट ट्रे घ्या. त्यात लिंबाएवढे गुळगुळीत नदीतले गोटे दोन थरांत रचा, वर उकळून रंग काढलेला काथ्या किंवा जावा मॉस. असे दोन ट्रे टाकीच्या अंधाऱ्या बाजूला ठेवा. पाऊस सुरू करायच्या आधीच ते आत हवेत, मध्येच हात घालून मांडामांड केली तर मासे आठवडाभर बिथरतात.

अंडी रात्री पडतात आणि एका रात्रीत सगळी पडत नाहीत. आई-बाप राखण करत नाहीत. रोज सकाळी, दिवा न लावता, टॉर्च तिरकी धरून गोट्यांच्या फटी बघा. पिवळसर मणी दिसले की ट्रे पाण्यासकट मोठ्या टबात उचला आणि दुसरा रिकामा ट्रे त्या जागी ठेवा.

पिल्लांची टाकी दोन फुटी पुरते. पाणी त्याच टाकीतलं, तापमान २७, पण फिल्टर वेगळा, दुसऱ्या टाकीत आधी मुरवलेला स्पंज, बुडबुडे मंद. अंड्यांवर बुरशी धरू नये म्हणून मेथिलीन ब्लू, पाणी फिकट निळं दिसेल इतकंच. पांढरी अपारदर्शक झालेली अंडी रोज ड्रॉपरने काढा. ती एका अंड्यावरून शेजारच्यावर बुरशी नेतात.

साधारण तीन दिवसांत अंडी फुटतात. काही दिवस पिल्लं पोटाखालच्या बलकावर जगतात आणि फटीत निपचित असतात. या वेळी अन्न टाकलं तर ते फक्त सडतं. पोटाखालचा पिवळा फुगवटा संपत आला आणि पिल्लं फटीतून पुढे-मागे सरकू लागली की पहिलं अन्न: ताजी फुटलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, ज्याची सुकी अंडी डब्यात मिळतात. एक लिटर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, २८ अंश, जोरात हवा, चोवीस तासांत ती फुटते. कवचं गाळून, गोड्या पाण्यात धुऊन मगच टाका. आर्टेमियाचा डबा उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. सादळलेली अंडी फुटत नाहीत, आणि ते नेमकं पिल्लं भुकेली असताना कळतं.

दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, शेवटचं रात्री. दोन तासांनी एअर पंपाच्या बारीक नळीने तळ ओढून घ्या. नळीच्या तोंडाला स्टॉकिंगचं कापड बांधा, नाहीतर पिल्लंही जातील. पाणीबदल रोज दहा टक्के, आणि इथून पुढे टीडीएस फार हळू, महिन्याभरात, तुमच्या नळाच्या पाण्याच्या बरोबरीला आणा.

पिल्लं दोन सेंटिमीटरची झाली की चिरलेल्या लाल अळ्या सुरू करा आणि प्रत्येकाला आडोसा मिळेल इतक्या स्ट्रॉ किंवा बारीक नळ्या तळाला पसरा. आकाराने मागे पडलेली पिल्लं वेगळी काढा, मोठी त्यांच्या शेपट्या खुडतात.

पाऊस सुरू करून आठ आठवडे झाले, माद्या भरलेल्या दिसत नाहीत, ट्रे रिकामे आहेत, तर आणखी मऊ पाणी ओतत बसू नका. फवारा बंद करा, पातळी महिनाभरात खाली आणा, टीडीएस पुन्हा चढवा आणि टप्पा आठपासून सुरू करा. सप्टेंबरपर्यंत दोन-तीन ड्रम पावसाचं पाणी झाकून साठवलेलं असेल तर पुढच्या जूनची वाट पाहावी लागत नाही.